पाणी पातळी सोडत नाही

बाबा जेवायला बसले की त्यांचा हात कधी थांबेल याचा नेम नसे. भाकरीचा तुकडा आमटीत बुडालेला, हात तोंडाच्या अर्ध्या वाटेवर, आणि डोळे समोरच्या भिंतीवर. भिंतीवर काहीच नसायचं. शेणामातीचा पोतारा आणि एक खुंटी. आमटीचा ओघळ मनगटावरून कोपरापर्यंत जायचा तरी त्यांना कळायचं नाही. माय आधी पाहून न पाहिल्यासारखं करायची, मग चुलीत लाकूड जरा जोरात ढकलायची, आणि तरीही हात हलला नाही तर म्हणायची, "गेलं का ध्यान? भाकर वाट पाहून राह्यली तुमची." बाबा दचकून घास तोंडात घालायचे. पण काय खाल्लं ते त्यांना विचारून उपयोग नसे. एकदा मायने मुद्दाम, चिडून, बिनमिठाची पातोडी वाढली. बाबांनी चार पातोड्या खाल्ल्या आणि हात धुवून गोठ्याकडे गेले. माय त्या दिवशी चुलीपाशी बसून रडली होती. तेव्हा मला वाटलं, मिठावाचून एवढं काय रडायचं. आता वाटतं, आपण केलेलं अन्न ज्याच्या जिभेपर्यंत पोचतच नाही अशा माणसाबरोबर राहणं काय असतं ते मला कधीच कळणार नाही.

आमचं घर सिंदी गावाच्या टोकाला, रेल्वेलाइनीच्या पलीकडे. घराला लागून दीड एकराचा तुकडा. वांगी, पालक, मेथी, टमाटे आणि सांभार. सांभार म्हणजे कोथिंबीर. आमच्याकडे त्याला सांभारच म्हणतात, आणि आमच्या अंगाला, पांघरुणाला, माझ्या वह्या-पुस्तकांना त्याचा वास असायचा. पहाटे भाजी उपटायची, हौदात धुवायची, केळीच्या सोपटानं जुड्या बांधायच्या आणि सकाळच्या पॅसेंजरला टोपल्या चढवायच्या. आमचा दिवस गाड्यांवर चालायचा. मालगाडीचे डबे जोडताना होणारा खडखडाट, कापसाच्या जिनिंगचा भोंगा आणि मायच्या बांगड्यांचा हौदाच्या काठावर होणारा आवाज, एवढ्यात माझं सगळं लहानपण बसतं.

काळी इंजिनं धावायची त्या दिवसांतली ही गोष्ट. फलाटाच्या टोकाला इंजिनात पाणी भरायचा उंच लोखंडी नळ होता. मी टोपलीला हात लावायला बाबांबरोबर जायची. पाणी भरून झालं की खलाशी नळाचं चाक फिरवून पाणी बंद करायचा. घाईत असला की फार जोरात फिरवायचा, आणि मग जमिनीखालच्या पाइपात 'धड्' असा आवाज व्हायचा, कोणी आतून घण घातल्यासारखा. सगळा नळ थरथरायचा. फलाटावरचं कोणी तिकडे बघायचंसुद्धा नाही. एक दिवस बाबा मात्र डोक्यावर टोपली तशीच ठेवून उभे राहिले. गाडी आली, लोक चढले, बाबा तिथेच.

"कुंदे," ते मला म्हणाले, "पाणी तं बंद झालं. मंग मारलं कोणं?"

मी म्हटलं, "बाबा, गाडी."

त्या दिवशी गाडी चुकली. भाजी परत घरी आली आणि सुकली. पण बाबांच्या डोक्यात जो प्रश्न शिरला तो पुढे पाच-सहा वर्षं निघाला नाही. जाता-येता, भाजीला पाणी ओलताना, बैल सोडताना ते स्वतःशीच बोलायचे. कधी मला सांगायचे. "धावतं पाणी एकदम अडवलं का त्याले राग येते. माणसासारखंच. आता सांग, थो राग जाते कुठी? पायपाले झटका देऊन वाया जाते. अन् आपण थो राग वर पाठवला तं?"

बाबा चौथीपर्यंत शिकलेले. सही करायचे, आकडे वाचायचे, बस. पण त्यांचं डोकं जसं चालायचं तसं चालणारं डोकं मी नंतर नोकरीतल्या पस्तीस वर्षांत एकही पाहिलं नाही, आणि माझ्या आजूबाजूला सगळे इंजिनिअरच होते. भाजी धुवायच्या हौदात त्यांनी बांबूची एक अशी तिरपी जाळी बसवली होती की माती आपोआप एका कोपऱ्यात जमायची. पाखरं हाकलायला वाऱ्यावर फिरणारं डब्यांचं चक्र केलं होतं. त्याचा आवाज दर थोड्या वेळाने बदलायचा, कारण, ते म्हणायचे, पाखराला एकाच आवाजाची सवय होते. या गोष्टी ते गंमत म्हणून करायचे. त्यांना हवं होतं ते वेगळंच होतं. मी एकदा विचारलं, तुम्हाला हे सुचतं कसं? त्यांनी फार सरळ उत्तर दिलं. "मी डोये मिटतो अन् पाणी होतो. पायपात शिरतो. जाता जाता जिथं आपटतो, तिथं मले लागते."

पण या सुचण्याला एक दुसरी बाजू होती आणि ती आमच्या घरानं जास्त पाहिली. सहा-सहा दिवस बाबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. ताप नाही, दुखणं नाही. हाक मारली तर ओ द्यायचे, पण आवाज विहिरीतून आल्यासारखा. माय शेजारणींना सांगायची, "त्याइले गिरान लागलं." ग्रहण लागलं. आणि स्वतः पाणी ओलायला जायची. आमचा तुकडा उंचावर आणि नाला खाली, वीस-बावीस हात खोल. शेतात विहीर होती, पण दिवाळीनंतर तिचा तळ दिसायचा. वीज गावात होती, आमच्या तुकड्यापर्यंत आली नव्हती. मग नाल्यातून घागरींनी पाणी आणायचं. मायचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली गेला होता, पोलक्याच्या शिवणीवरूनही ते दिसायचं. अशाच एका ग्रहणात मी बाबांच्या पायथ्याशी बसले होते. त्यांना वाटलं असेल की मी लहान आहे, मला कळणार नाही. ते भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले, "डोक्यात थे पुरं चालते कुंदे. आवाजासकट चालते. हातानं करा लागलो का मरते. रोज एक मरते."

मी तेव्हा बारा वर्षांची असेन. मला कळलं नाही असं नाही. मला भीती वाटली आणि मी उठून बाहेर गेले.

मी दहावीला तालुक्यात चांगले मार्क मिळवले तेव्हा घरात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू होतं. बाबा त्या बोलण्यात कधी नसायचेच. पण एक दिवस ते मला आणि माझ्या ट्रंकेला घेऊन नागपूरला गेले आणि तंत्रनिकेतनात डिप्लोमाला नाव घालून आले. आमच्या वर्गात चार मुली होत्या. खेड्यातली मी एकटी. वसतिगृहाच्या फाटकाशी बाबा म्हणाले, "मले सुचते, पण मले सांगता येत नाई. तू शिक. मंग तू मले सांगजो, मी काय करून राह्यलो थे." आपल्या मुलीनं शिकून साहेब व्हावं असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. त्यांच्या डोक्यात जे चालायचं त्याला नाव देणारं एक माणूस त्यांना घरात हवं होतं.

त्या पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर बाबांनी मशीन केलं. मी दिवाळीच्या सुटीत आले तेव्हा ते जवळजवळ तयार होतं. नाल्यात त्यांनी दगडांचा छोटा बंधारा घातला होता, पुरुषभरही उंच नाही. बंधाऱ्यातून एक जाड लोखंडी पाइप तिरपा खाली आणला होता. तो भंगारातून आणलेला, ठिकठिकाणी सांधलेला. पाइपाच्या खालच्या तोंडाशी एक झडप. पाणी तिच्यातून बाहेर धावायचं, धावता धावता वेग घ्यायचं आणि त्या वेगानंच झडप खाडकन मिटायची. पाणी अडलं की तोच तो स्टेशनवरचा धक्का. त्या धक्क्यानं दुसरी झडप उघडायची आणि घोटभर पाणी एका उलट्या गुंडात, पाण्याच्या मोठ्या भांड्यात, शिरायचं. गुंडात हवा कोंडलेली. ती हवा दबायची आणि पाण्याला बारीक नळीतून वर, थेट आमच्या शेतातल्या टाक्यात ढकलायची. तोवर पहिली झडप आपल्याच वजनानं खाली पडलेली असायची, पाणी पुन्हा धावायला लागलेलं. मोटर नाही, इंजिन नाही, बैल नाही. झडपा सायकलच्या ट्यूबच्या आणि चपलेच्या चामड्याच्या होत्या. गुंड मायचा होता. तिच्या माहेरचा, पितळेचा, लग्नात आलेला. बाबांनी तो तिला न विचारता घेतला होता, आणि ती त्यांच्याशी दसऱ्यापासून बोलत नव्हती.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन चाललं. मी वर टाक्यापाशी उभी होते, बाबा खाली. खालून आवाज येऊ लागला. टक्... टक्... टक्. खूप वेळ काही नाही. मग नळीच्या तोंडातून आधी हवा आली, मग थुंकी टाकल्यासारखं पाणी, मग करंगळीएवढी धार. थांबत थांबत येणारी, पण धार. मी ओरडले, "बाबा, आलं!" बाबा वर आले नाहीत. खालीच बसून राहिले, गुडघ्यांत डोकं घालून. माय भाजी सोडून आली, तिनं धारेखाली हात धरला, बराच वेळ धरला, आणि मग मला म्हणाली, "त्याइले म्हणा, सोलेभात केला. गरम हाये, जेवून घ्या." दसऱ्यापासूनचं तिचं ते पहिलं बोलणं. त्या दुपारी बाबांनी तुरीच्या ओल्या दाण्यांचा तो भात तीनदा मागून घेतला आणि म्हणाले, "तिखट जरा कमी झालं." माय पदराआड हसली. आमच्या घरातला तो सगळ्यात सुखाचा दिवस होता, आणि तो दोन दिवस टिकला. बरोबर दोन दिवस. टाकं अर्धं भरलं.

तिसऱ्या दिवशी बाबांनी लोकांना बोलावलं. त्यांना मिरवायचं नव्हतं. नाल्याच्या दोन्ही काठांना भाजीवाल्यांचीच शेतं होती आणि सगळ्यांच्या बायकांचे खांदे मायसारखे होते. पंधरा-वीस माणसं आली. शेजारच्या शेताचे नामदेवकाका पुढे. मशीन चालू होतं, पण आवाज बदलला होता. टक् ऐवजी ठण् ठण्, कडक, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा. प्रत्येक ठोक्याला सगळा पाइप उडत होता. वरची धार तुटक झाली होती. बाबांच्या कपाळावर घाम आला. ते गुंडावर तळवा ठेवून ऐकत होते, डॉक्टर पोट तपासतो तसे. आणि मग एक मोठा आवाज झाला, गुंडाचा डाख उलला, जोड फाटला आणि पाण्याचा फवारा नामदेवकाकांच्या धोतरावर आला.

लोक हसले. वाईट हसू नव्हतं ते, गावातलंच होतं. पण नामदेवकाका धोतर झटकत म्हणाले, "काऊन गंगाधर, नाल्याले पाय फुटले म्हणे? चढून राह्यला म्हणे वर? आता कुठी गेला?" आणि मग हसू वाढलं. कोणी म्हणालं, बायकोचा गुंड फोडला बापा यानं.

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फुटका गुंड हातात घेऊन ते माझ्याकडे वळले. "कुंदे, तू सांग. तू शिकून राह्यली. काय चुकलं यात?"

आता नीट लिहायला हवं. मी सतरा वर्षांची होते. चार महिन्यांपूर्वीच मला शिकवलं होतं की पाणी आपली पातळी सोडत नाही, आणि शक्ती शून्यातून निर्माण करता येत नाही. दोन्ही वाक्यं मी लाल शाईनं अधोरेखित केली होती. बाबांनी विचारलं होतं, काय चुकलं. या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नव्हतं, आणि 'माहीत नाही' म्हणणं एवढंच मी करायला हवं होतं. पण पंधरा-वीस माणसं हसत होती. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली होती आणि माझ्या अंगावर नागपूरहून आणलेला नवा सलवार-कुडता होता. मला त्या क्षणी फुटका गुंड धरलेल्या माणसाच्या बाजूला उभं राहायचं नव्हतं.

मी म्हणाले, "बाबा, हे होतच नसतं."

"काय होत नसते?"

"पाणी आपली पातळी सोडत नाही. मोटर नाही, काही नाही, मग वर चढायला शक्ती कुठून आणणार? शक्ती तयार करता येत नाही. पुस्तकात आहे."

"पण दोन दिवस चढलं ना व," बाबा म्हणाले. "तूच तं पाह्यलं."

"तो सुरुवातीचा धक्का होता. तो संपला."

"दोन दिवस धक्का?"

"हो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, शंकाही नव्हती, हेच मला आजवर सोसत नाही. ते पूर्ण विश्वासानं ऐकत होते. त्यांनी मला ज्यासाठी पाठवलं होतं ते काम मी करत होते. ते काय करून राहिले होते ते मी त्यांना सांगत होते.

"पुस्तकात हाये?"

"हाये."

"मंग झालं," बाबा म्हणाले.

लोक गेले. बाबांनी त्याच संध्याकाळी घणानं झडपा फोडल्या, बंधाऱ्याचे दगड एकेक करून काठावर टाकले. पाइप नंतर मायनं भंगारात घातला. मी दोन दिवसांनी नागपूरला परत गेले आणि मैत्रिणींना ही गोष्ट सांगितली, जरा तिखटमीठ लावून. त्या हसल्या.

बाबा मात्र बदलले. मला पत्रातून कळत होतं, धाकटा भाऊ विलास लिहायचा. बाबा आता वेळेवर जेवतात. बाबा आता रोज शेतात जातात. बाबांनी जेवताना आमटी खारट झाल्याचं सांगितलं. मी सुटीत गेले की बघायची. हात तोंडापाशी थांबत नव्हता. डोळे भिंतीवर जात नव्हते. ग्रहण लागत नव्हतं. गावाला वाटलं गंगाधर सुधारला. मायच्या अंगावर जरा मांस आलं. फक्त बाबांचा आवाज कायमचा तसाच राहिला, विहिरीतून आल्यासारखा. आधी तो पाच-सहा दिवसांनी वर यायचा, एवढाच फरक.

तिसऱ्या वर्षाला आम्हाला जलयंत्रांचा विषय होता. एका सकाळी मी पान उलटलं आणि समोर बाबांचं मशीन होतं. तोच बंधारा, तोच तिरपा पाइप, त्याच दोन झडपा, आणि गुंडाच्या जागी हवेची लोखंडी पेटी. खाली लिहिलं होतं की हे यंत्र दीडशेहून जास्त वर्षं जगभर वापरात आहे. धावणाऱ्या पाण्यातलं बहुतेक पाणी खाली वाहून जातं, आणि जाता जाता आपली ताकद उरलेल्या थोड्याशा पाण्याला देऊन जातं. ते थोडं पाणी वर चढतं. शक्ती शून्यातून येत नव्हतीच. ती नाल्यातून वाहून जात होती, माझ्या डोळ्यांदेखत, पायांशी, आणि मला ती दिसली नव्हती. सरांनी तो धडा वीस मिनिटांत संपवला. चौथी शिकलेल्या माणसानं, स्टेशनवरच्या एका आवाजावरून, कोणी न शिकवता ते काढलं होतं, आणि मी त्याला लोकांसमोर सांगितलं होतं की हे होतच नसतं.

शनिवारी मी घरी गेले. बाबा बाजारात होते. माय चुलीपाशी वांगं भाजत होती. मी तिला पुस्तक उघडून दाखवलं, सगळं सांगितलं. तिला चित्रातलं काही कळलं नसेल, पण गुंड तिनं ओळखला. खूप वेळ ती वांग्याची साल काढत राहिली. मग म्हणाली, "नोको सांगू."

"काऊन?"

"आता कुठी घर निजते. तू इथं नसते. तू पाह्यलं नाई मी कसे दिवस काढले थे. पुन्यांदा तेच भिताड, पुन्यांदा तेच पाठ करून निजणं... माह्याच्यानं नाई होत आता कुंदे. तुले माही शपथ हाये."

मायची शपथ. मी कित्येक वर्षं स्वतःला हेच सांगत आले की मी मायच्या शपथेला बांधलेली होते. पण खरं सांगते, ती 'नोको' म्हणाली तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मला सांगायचंच नव्हतं. रात्री बाबांच्या ताटाशेजारी ताट घेऊन मी भरीत-भाकर खाल्ली आणि रविवारी नागपूरला गेले.

पुढे सरकारी पाणीपुरवठ्यात नोकरी लागली, लग्न झालं, वर्ध्यात घर झालं. शेतात वीज आली, मोटर बसली. माझ्या मुलाची खेळण्यातली चावीची मोटार मोडली तेव्हा मी ती मुद्दाम बाबांपुढे ठेवली. त्यांनी ती उलटी करून पाहिली आणि परत दिली. "मले नाई समजत यातलं. दुकानदाराले दाखव." घरच्या नळाची वायसर गेली तरी विलासला मिस्तरी बोलवावा लागे. आता तर मोबाइलवर कोणीही दाखवतं, डोंगरातली माणसं असली यंत्रं प्लास्टिकच्या नळ्यांची करतात आणि हसत हसत धार दाखवतात. मला ते बघवत नाही. मी पुढे सरकवते.

माय गेली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मी बाबांना सांगायचं ठरवलं. शपथ संपली होती. बाबा पंचाहत्तरीचे झाले होते, मला वाटलं हा माणूस स्वतःला मूर्ख समजूनच जाईल. माझ्या मनात बाबांचं सुख किती होतं आणि माझी सुटका किती, ते आजही मला तोलता येत नाही. मी त्या पानाची झेरॉक्स घेऊन सिंदीला गेले. बाबा कडुनिंबाखाली बसून सांभाराच्या जुड्या बांधत होते. मी शेजारी बसले, कागद पुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला.

"हे आपलंच हाये," ते लगेच म्हणाले.

मी सांगत गेले. ते ऐकत होते की नाही कळत नव्हतं, कारण त्यांचं बोट चित्रावरून फिरत होतं, पाणी फिरतं तसं, बंधाऱ्यातून पाइपात, पाइपातून झडपेशी. आणि हवेच्या पेटीखाली एका जागी ते थांबलं.

"हे काय?"

"छिद्र आहे बाबा. बारीकसं. दर ठोक्याला त्यातून थोडी हवा आत ओढली जाते. नाहीतर पाणी हळूहळू पेटीतली सगळी हवा..."

"खाऊन टाकते," बाबा म्हणाले. "हवा सरली होती. म्हणून आवाज कडक झालता. म्हणून गुंड उलला." त्यांचा हात कागदावर तसाच राहिला आणि डोळे वर गेले, समोरच्या कुडावर, जिथे काही नव्हतं. किती वर्षांनी. "एक छेद, कुंदे. सुईएवढा. मी सकाळी गुंडावर हात ठेवला तवाच समजाले पाह्यजे होतं. आतून भरलेला लागत होता. दोन दिवस अजून भेटले असते तं मले दिसलं असतं." ते हसले. तोंडात दात नव्हते, तरी चेहरा चाळिशीतला झाला होता. मला रडू आलं. मला वाटलं, झालं, सुटलो आपण दोघंही.

मग त्यांनी विचारलं, "हे तू वाचलं कधी?"

मी खोटं बोलू शकले असते. मागच्या महिन्यात म्हणाले असते तरी त्यांनी मानलं असतं. त्यांनी माझं सगळंच मानलं होतं.

"डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला."

बाबा मनाशी हिशोब करत होते. ओठ हलत होते. "म्हंजे तोडल्याले दोन वर्सं बी नव्हते झाले. मी बेचाळीसचा होतो."

"हो."

"तुह्या मायले मालूम होतं?"

"हो."

त्यांनी कागदाची नीट चौघडी केली, माझ्या हातात दिली आणि अर्धी राहिलेली जुडी पुन्हा उचलली. सोपट गुंडाळून गाठ मारली. दुसरी जुडी बांधली. तिसरी. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "च्या घेता का तुमी?"

मला वाटलं ते कोणा दुसऱ्याशी बोलतायत. मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

त्यानंतर बाबा चौदा महिने जगले. मी गेले की "या" म्हणायचे, "बसा" म्हणायचे, विलासच्या बायकोला चहा टाकायला सांगायचे. कधी आवाज चढवला नाही, कधी तो विषय काढला नाही, आणि मला एकदाही कुंदे म्हणाले नाहीत. शेवटी सावंगीच्या दवाखान्यात होते तेव्हा मी रोज जायची, उशाशी बसायची. एका दुपारी सलाइन बदलायला आलेल्या नर्सनं त्यांना बोलतं करायला म्हणून विचारलं, "आजोबा, या कोण तुमच्या?" बाबांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. ओळख पुरती होती, शुद्ध पुरती होती.

"इंजिनेर बाई हायेत," ते म्हणाले. "पाण्याच्या."